पचनसंस्थेचा चेअरमन

प्रश्न विचारला तेव्हा तो मुलगा अगदी गंभीर होता. दहावीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. फळ्यावर मी तोंडापासून गुदद्वारापर्यंतची लांबलचक नळी काढलेली, तिच्या आजूबाजूला यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, आणि वर ठळक अक्षरांत ‘पचनसंस्था’. मागच्या बाकावरून हात वर आला. "टीचर, ह्या संस्थेचा चेअरमन कोण?"

वर्ग हसला, मीही हसले. तो मात्र हसला नाही, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. आमच्या बेळगावात संस्था म्हटलं की पतसंस्था, नाहीतर शिक्षण संस्था. तिला चेअरमन असतो, व्हाईस चेअरमन असतो, संचालक असतात, भिंतीवर हार घातलेले फोटो असतात. त्याचे वडील एका सोसायटीत क्लार्क होते. निवडणूक लागली की पंधरा दिवस ते घरात दिसायचे नाहीत. अशा घरातल्या पोराला आपण अवयवांच्या गटाला ‘संस्था’ म्हणतात असं सांगितलं, तर तो चेअरमनच विचारणार.

मी "मेंदू" म्हणून वेळ मारून नेली. पण शहापूरला घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच टोचत राहिलं. हृदय काही मेंदूला विचारून ठोके देत नाही. उजव्या कर्णिकेच्या, म्हणजे हृदयाच्या उजवीकडच्या वरच्या कप्प्याच्या, वरच्या भागात पेशींचा एक इवलासा पुंजका असतो, ठोका तिथे सुरू होतो; मेंदू फार तर ‘जरा जोरात’ किंवा ‘जरा सावकाश’ एवढं कळवतो. आतड्यांचं तर त्याहून वेगळं. त्यांच्या भिंतीत १० कोटींहून जास्त चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे आणि घास पुढे ढकलायचं काम ते आपलं आपण उरकतं. यकृत रात्री आपण झोपेत असताना रक्तातली साखर सांभाळतं, आपल्याला पत्ताही नसतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला उभं करून सांगितलं, "काल चुकलं माझं. चेअरमन कुणीच नाही."

तो क्षणभर थांबला. "मग चालतंय कसं?"

या दुसऱ्या प्रश्नानं मात्र मला पुढची कैक वर्षं पुरवली.

पुस्तकात शरीर धडे पाडून येतं. पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, मग नियंत्रण आणि समन्वय, शेवटी प्रजनन. धडे पाडल्याशिवाय शिकवता येत नाही, हे कबूल. पण मुलं आकृत्या वेगवेगळ्या पानांवर बघतात, आणि शरीराच्या आतही अशाच रेघा मारलेल्या असणार असं धरून चालतात. पचनाच्या आकृतीत हृदय नसतं, श्वसनाच्या आकृतीत जठर नसतं. मोठेपणी तीच मुलं छातीच्या डॉक्टरकडे एक फाईल आणि पोटाच्या डॉक्टरकडे दुसरी फाईल घेऊन जातात.

रेघांचं आम्हाला कुणी वेगळं शिकवायला नको. माझ्या सासूबाई लग्न होऊन शहापुरात आल्या तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं, आणि चार पावलं पलीकडचं बेळगाव इंग्रजांचं. १९४८ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं, १९५६ला गाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. एकाच घरात, एकाच चुलीपुढे बसून बाईनं एवढे कारभार पाहिले. "सरकारं बदलली," म्हणायच्या, "पण गटार तेच हाय. तिकडलं पाणी इकडंच येतंय." शरीराबद्दल इतकं नेमकं मला अजून वर्गात बोलता आलेलं नाही.

उदाहरण म्हणून घसा घ्या. पुस्तकात तो दोनदा येतो, एकदा पचनात आणि एकदा श्वसनात. प्रत्यक्षात घसा एकच. अन्न आणि हवा तिथे एकमेकांचा रस्ता ओलांडतात. हवेची नळी पुढे, अन्नाची मागे, म्हणजे नाकातून आलेल्या हवेला पुढे जायचं आणि तोंडातल्या घासाला मागे. हे मी टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांवरून शिकवते. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, आमच्या पोरांना पाठ असतात. शाळेला उशीर झाल्याचं निम्म्या वेळा तेच कारण असतं. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनळीच्या तोंडावर एक झाकण वाकतं आणि तेवढा वेळ श्वास थांबतो. गाडी गेली की गेट उघडतं. जेवताना कुणी हसवलं की गेटमन गोंधळतो आणि ठसका लागतो. सगळ्यांना एकदम थुंकी गिळायला लावायची आणि विचारायचं, "आता गिळता गिळता श्वास घेऊन दाखवा." अर्धा तास वर्ग नुसता गिळत बसतो.

रक्ताभिसरणाला मात्र आकृती पुरत नाही. त्यासाठी मी वर्षातून एकदा मटणाच्या दुकानात जाते.

पहिल्या वर्षी फजिती झाली होती. "हृदय द्या," म्हटलं. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मग मी म्हटलं, "काळीज." त्यानं लगेच तांबूस-काळं, चकचकीत यकृत तराजूत टाकलं. "हे नव्हे ओ, धडधडतं ते." "मग दिल म्हणा की, टीचर!" कवितेत काळीज म्हणजे हृदय, आणि खाटकाच्या ठोकळ्यावर काळीज म्हणजे यकृत. त्याच्या दुकानात फुप्फुसाला फोफसं म्हणतात, मूत्रपिंडाला गुर्दा, जठर-आतड्यांना वजडी. शरीराच्या आतलं मी बी.एस्सी.ला शिकले, पण कशाचा रंग कसा, वजन किती, हाताला कसं लागतं, हे तिथे उभं राहून शिकले.

तर बोकडाचं हृदय स्टीलच्या डब्यातून शाळेत येतं. आधी वरची पिवळट चरबी आणि तिच्यात रुतलेल्या बारीक शिरा सुरीनं सोलून टाकायच्या, म्हणजे मुलांना स्वच्छ दिसतं. मग उभा छेद. डावा कप्पा उघडला की पोरं "अबब" म्हणतात, कारण डावीकडची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड असते. उजवा कप्पा रक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवतो, डाव्याला ते थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत लोटायचं असतं. कप्प्यांच्या मधल्या झडपा पातळ, पांढुरक्या, आणि त्यांच्या कडांना खालून ताणून बांधलेले पांढरे दोरे. एका वर्षी वडगावची एक मुलगी पुढे आली, जिच्या घरी दोन माग होते. बोटानं दोरा हलवून म्हणाली, "टीचर, हे ताण्यासारखं हाय. ढिलं पडलं तर बिघडणार." बरोबर तेच. दोरे ढिले पडले, तुटले, तर झडप उलटी फिरते आणि रक्त आलं त्या वाटेनं मागे जातं. पुस्तकात या दोऱ्यांवर एक ओळ आहे. मागावर वाढलेल्या मुलीला तीही लागली नाही.

शेवटचा खेळ पाण्याचा. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीचा, महाधमनीचा, कापलेला तुकडा वर धरायचा आणि त्यात नळाचं पाणी ओतायचं. आतल्या तीन चंद्रकोरी पाकळ्या भरतात, एकमेकींना चिकटतात, आणि पाणी थांबतं. मेलेल्या हृदयातही थांबतं. कुणी धरून ठेवलेलं नाही, कुणी आज्ञा दिलेली नाही. पाण्याच्या वजनानंच दार लागतं. "मग चालतंय कसं?" याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हे.

या तासाला मी फळ्यावर एक गणितही घालते. एका ठोक्यात साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर गुणाकार येतो ५,०४० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर. आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त किती? तेही साधारण पाच लिटरच. दिवसाचा हिशेब ७,००० लिटरांच्या वर जातो. उन्हाळ्यात गल्लीत येणारा पाण्याचा टँकर पोरांच्या डोळ्यांपुढे असतोच. एवढं रक्त रोज नवं कुठून येणार? विल्यम हार्वी नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १६२८ साली पुस्तक काढलं, त्यातला एक मोठा मुद्दा असल्याच हिशेबाचा होता. तोवर युरोपातले वैद्य दीड हजार वर्षं मानत आले होते की रक्त यकृतात तयार होतं आणि अवयवांत जिरतं. हार्वी म्हणाला, इतकं रक्त खाल्लेल्या अन्नातून होणंच शक्य नाही, म्हणजे तेच ते फिरत असणार. पण धमन्यांतून शिरांत ते जातं कोणत्या वाटेनं, हे त्याला कधी दिसलं नाही. १६५७ला तो वारला. १६६१मध्ये इटलीतल्या माल्पिघीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या दिसल्या. न दिसलेल्या रस्त्यावर नुसत्या गुणाकाराच्या भरवशावर विश्वास ठेवणारा हा माणूस मला फार आवडतो. गणिताचे सर म्हणतात, मी त्यांचा तास खाते.

बोकडाचं हृदय कापणं सोपं. आमच्याच जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे डॉ. महांतेश रामण्णवर यांनी २०१०मध्ये बेळगावात आयुर्वेद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांपुढे आपल्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं. वडीलही डॉक्टरच, त्यांनीच देहदान करून तशी इच्छा सांगून ठेवली होती. ती बातमी मी स्टाफरूममध्ये वाचली. त्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणी फारसं बोललं नाही.

बाकीचे धडे मी भरभर घेते, खरं सांगायचं तर. उत्सर्जनाला एक निळं बॅरल पुरतं. पाण्याच्या पाळीसाठी दारोदारी ठेवलेलं दोनशे लिटरचं बॅरल आम्हाला सगळ्यांना माहीत. मूत्रपिंडं दिवसाला त्याहून थोडं कमी, १८० लिटर, गाळतात आणि त्यातलं दीडेक लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. नगरपालिकेला जमत नाही ते. अस्थिसंस्था म्हणजे २०६ हाडं. मुलं आकडा पाठ करतात, आणि जन्मलेल्या बाळाची हाडं त्याहून जास्त असतात, नंतर एकमेकांत जुळतात, हे सांगितलं की चक्रावतात. प्रजननाचा धडा नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही "घरी वाचून या" म्हणत उरकला. घरी कुणी वाचत नव्हतं, आणि वाचत होतं ते भलतंच. त्याची लाज वाटायला मला माझी स्वतःची मुलगी वयात यावी लागली.

स्वादुपिंड मात्र माझा लाडका. पचनाच्या धड्यात तो पाचकरस करून लहान आतड्यात सोडतो आणि ग्रंथींच्या धड्यात इन्सुलिन करून रक्तात सोडतो. आमच्याकडे काही घरांत एका भावाचं रेशनकार्ड इकडचं, दुसऱ्याचं महाराष्ट्रातल्या चंदगडचं. हा गडी एकटाच दोन्हीकडे नाव लावून बसलाय.

आणि शब्दांची एक गंमत मला वर्गाबाहेरच उमगली. शेजारच्या कन्नड अज्जींचा नातू बेंगळुरूला नोकरीला गेला, तेव्हा त्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "करुळु ताळल्ल." करुळु म्हणजे आतडं, त्याला सोसत नाही म्हणाल्या. जन्म देणाऱ्या आईच्या मायेला कन्नडात ‘हेत्त करुळु’ म्हणतात. आणि आपण? आपलंही आतडंच तुटतं, पोटातच कालवतं, भीतीनं गोळाही पोटातच येतो. तो गोळा नुसता बोलण्यापुरता नाही. भीती वाटली की अॅड्रेनॅलिन सुटतं, आतड्यांकडचं रक्त आवरून स्नायूंकडे वळवलं जातं, आतड्यांची हालचाल मंदावते. म्हणजे डोक्यातली भीती, ग्रंथीतला स्राव, नळ्यांतलं रक्त आणि पोटातली कळ; पुस्तकाचे चार धडे त्या एका गोळ्यात येतात. दोन्ही भाषांच्या आयाबायांनी कुठलाही धडा न वाचता माया आतड्यात नेऊन ठेवली. या बाबतीत दोघींचं कधी भांडण झालेलं नाही.

एवढं सगळं शिकवणारी मी. आता माझी अक्कल ऐका.

गेल्या वैशाखात वडगावात लग्न होतं. पंगतीत मांडे. साखर पेरलेला पातळ, घडी घातलेला मांडा, वर गरम दूध. एक खाल्ला, आग्रहानं दुसरा घेतला. रात्री अकराच्या सुमारास पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या पिंजऱ्याच्या अगदी खाली, दाबून धरल्यासारखं झालं. मळमळ, घाम. मांडे बाधले, दुसरं काय. ओवा चावला, खाण्याचा सोडा पाण्यात घालून घेतला, ढेकर आला, बरं वाटलंसं वाटलं. पहाटे जबडा दुखायला लागला, तो मी दाढेवर ढकलला. सकाळी गल्लीतल्या दवाखान्यात गेले. तिथेही पित्तच ठरलं, कारण मी स्वतःच आत जाता जाता "पित्त झालंय" असं सांगितलं होतं. अकरा वाजता जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसले, ते उठवेना. शेजारच्या मुलानं रिक्षा आणली.

इस्पितळात नर्सनं मनगट धरून विचारलं, "येल्ली नोवु, अक्का?" कुठं दुखतंय.

प्रश्न सोपा होता. कन्नडही मला येतं. पण ‘होट्टे’ म्हणू की ‘येदे’, पोट म्हणू की छाती, मला ठरवता येईना. मराठीतही आलं नसतं. मी बोट ठेवलं ते उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड, संपते तिथे, दोन्हींच्या मधल्या रेघेवर. ती रेघ म्हणजे श्वासपटल. मी दरवर्षी त्याच्यावर दोन मिनिटं बोलते: छाती आणि पोट वेगळं करणारा, घुमटासारखा वर उचललेला स्नायू, आणि त्याला तीन मोठी गेटं, एकातून महाधमनी खाली जाते, एकातून अन्ननलिका, एकातून मोठी शीर वर येते. बोलायचं राहून गेलं होतं ते एवढंच, की हृदयाचा तळ याच पटलावर टेकलेला असतो आणि पटलाच्या खालच्या अंगाला जठर. हृदयाच्या तळाच्या भागाला रक्त कमी पडलं तर तिथली कळ घेऊन जाणारे तंतू मज्जारज्जूत पोटाकडून येणाऱ्या तंतूंच्या शेजारीच शिरतात. निरोप कुठून आला याचा मेंदू अंदाज बांधतो. माझ्या मेंदूनं मांड्यांवर बांधला. बायकांच्या बाबतीत छातीतल्या कळेबरोबर, कधी तिच्याऐवजीही, मळमळ, दम, जबड्याचं दुखणं पुढे येतं. हेही मी कुठेतरी वाचलेलं होतं.

नर्सनं काही न बोलता ईसीजीच्या तारा लावल्या.

मनगटातून बारीक नळी घालून केलेली अँजिओग्राफी मी जागेपणी पाहिली. पडद्यावर करड्या धुक्यात काळ्या फांद्या उमटायच्या आणि विरायच्या. डावीकडचं झाड भरगच्च होतं. उजव्या धमनीत औषध सोडलं. काळी रेघ निघाली, वळली, आणि मध्येच संपली, पेन्सिलचं टोक मोडावं तशी. डॉक्टर कन्नडात सहकाऱ्याशी, मराठीत माझ्याशी बोलत होते. म्हणाले, "आता बघा हं, टीचर." टीचर आहे हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, मी तेवढ्यात हृदयाच्या कप्प्यांची नावं विचारली असतील. मग स्प्रिंग बसली, पुन्हा औषध सोडलं आणि मोडलेली रेघ खाली धावत गेली, तिच्यातून आणखी बारीक फांद्या फुटल्या. त्या फांद्या मी कुठेतरी पाहिल्यात असं वाटत होतं. कुठे, ते त्या रात्री आठवलं नाही.

ते श्रावण संपल्यावर आठवलं. मी मटणाच्या दुकानात गेले. "लई दिवसांनी, टीचर," तो म्हणाला. घरासाठी काही नको म्हटलं, डॉक्टरांनी बंद केलंय. "मग शाळेचं दिल?" हो, शाळेचं.

वर्गात डबा उघडला. सवयीनं सुरी हातात घेतली, पिवळी चरबी सोलायला टोक लावलं आणि हात थांबला. चरबीत रुतून, हृदयाला बाहेरून वळसा घालून, खाली फांद्या फोडत गेलेली धमनी. चोवीस वर्षं मी हीच सोलून टाकत होते, स्वच्छ दिसावं म्हणून.

सुरी बाजूला ठेवली. महाधमनी वरून उघडली आणि मुलांना टेबलाभोवती बोलावलं. तीन चंद्रकोरी पाकळ्यांच्या जरा वर, भिंतीत, दोन बारकी भोकं असतात. साऱ्या अंगाला रक्त पुरवणारं हृदय स्वतःसाठी रक्त घेतं ते इथून. झाडूतली एक हिराची काडी काढली आणि उजवीकडच्या भोकात हळूच सरकवली. ती चरबीखालून पुढे गेली, वळणावर अडली, बाहेरून तिचा उंचवटा दिसायला लागला.

"एवढीशीच?" पुढच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं.

"एवढीशीच," म्हटलं, आणि काडी तिच्या हातात दिली.